मुलगा पितो: आईबापांसाठी धागा (बायकांसाठी पुष्कळ आहेत)

कृष्णाकाठची · ८ जून, रात्री १.४०

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. हे बँकेत होते. एकुलता एक मुलगा, वय ३४. पुण्यात चांगली नोकरी होती, ती दीड वर्षापूर्वी गेली. मग सून नातीला घेऊन माहेरी गेली. मग हा दोन बॅगा आणि टीव्ही घेऊन आमच्याकडे आला. "थोडे दिवस राहतो" म्हणाला, त्याला आता आठ महिने झाले.

रोज पितो. आधी संध्याकाळी प्यायचा, आता दात घासायच्या आधी लागते. हात थरथरतात म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि ते मला दिसू नये म्हणून पाठ करून बसतो. चपट्या कुठेकुठे सापडल्या सांगू? फ्लशच्या टाकीत, कूलरच्या गवतामागे, तांदळाच्या डब्यात, आणि एकदा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, वातींच्या पुड्यामागे. त्या दिवशी मी पूजा केली नाही. रागावून नाही, हातच उचलेना.

आमचं घर चढावर आहे. रात्री मोटारसायकल चढाला लागली की गिअर कुठे बदलतो त्यावरून मला कळतं आज किती झालीय. हे ज्ञान मला कशाला हवं होतं!

धागा काढायचं कारण असं की शोधायला गेलं तर सगळं बायकांसाठी लिहिलेलं सापडतं. नवरा पीत असेल तर पोटगी, नोकरी, माहेर. सून गेली ते बरोबर केलं तिनं, मी तिला नावं ठेवत नाही. पण बायकोला माहेर असतं. आईनं कुठे जायचं? इथे तर तोच माहेरी आलाय.

पैसे द्यायचे की नाही? नाही दिले तर म्हणतो जीव देईन. आणि पेपरात जाहिरात होती, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'. पावडर मागवलीय. कुरिअर टेबलावर पडून आहे. हे म्हणतात, घाल डाळीत, त्याला कळणारही नाही. कुणाला अनुभव आहे का?

भाकरवडी · ८ जून, सकाळी ६.५५

मावशी, ते पाकीट फोडू नका. इथे एक डॉक्टर असतात, त्यांना हाक मारते. @मानसमित्र

मानसमित्र · ८ जून, सकाळी ८.१०

हाक पोचली. ताई, ती पावडर डाळीत तर नकोच, घरातही नको.

त्यात नक्की काय आहे ते पाकिटावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. पण डायसल्फिराम नावाची गोळी घरच्यांनी चोरून खाऊ घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे, म्हणून तिच्याबद्दल सांगतो. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि मग पुढच्या पायरीवर त्याचा निचरा करतं. ही गोळी ती पुढची पायरी अडवते. विष रक्तात साचत जातं. चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. आपण गोळी घेतलीय हे ज्याला माहीत असतं तो त्या भीतीने पीत नाही, एवढाच तिचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो पिणार. माणसं दगावतात यात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. म्हणून ती तपासण्या करून, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

दुसरं. सकाळी उठल्याउठल्या लागते आणि हात थरथरतात, म्हणजे शरीर आता दारूच्या टेकूवर उभं आहे. खोलीत कोंडून किंवा शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांत घाम आणि थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला 'बाहेरचं लागलं' म्हणून लोक भलतीकडे नेतात आणि वेळ जातो. हे दवाखान्याचं काम आहे. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे झटके येऊ नयेत म्हणून औषधं देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि पाच-सात दिवसांत शरीर मार्गी लागतं. मन मार्गी लागायला पुढे बराच काळ.

'जीव देईन' हे दर वेळी खरं धरा. पण खरं धरणं म्हणजे पैसे देणं नव्हे. एकटं सोडू नका, शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ ला फोन लावा (टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, मराठीत बोलतात, रात्रीही), हाताबाहेर गेलं तर ११२. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६ आहे.

कृष्णाकाठची · ८ जून, दुपारी ३.२०

पाकीट बोहारणीच्या पिशवीत टाकणार होते, मग म्हटलं तिच्या घरी कुणी खाईल. संडासात ओतलं. १,८०० रुपये गेले.

डॉक्टर, एक विचारू? माझं कुठे चुकलं? हे म्हणतात तू लाडाने बिघडवलास. शाळेत मी चाळीस-चाळीस पोरांना वळण लावलं, आणि घरचं एक...

मानसमित्र · ८ जून, रात्री ९.४५

ह्यांना विचारा, त्यांच्या बाजूने कुणी पीत होतं का.

कृष्णाकाठची · ८ जून, रात्री १०.०२

ह्यांचे मामा. घरात नाव काढत नाहीत त्यांचं.

मानसमित्र · ८ जून, रात्री १०.१५

दारूच्या आजारात साधारण निम्मा वाटा रक्तातून येणाऱ्या गोष्टींचा असतो. बाकी निम्म्यात मित्र, नोकरी, नैराश्य, सहज मिळणारी बाटली असं बरंच काही येतं. त्यात तुमच्या लाडाची पुडी कितीशी निघणार? दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशभराच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूने अपाय होण्याइतकं पिणारे किंवा तिच्या पुरते आहारी गेलेले लोक ५ कोटी ७० लाखांच्या वर निघाले. एवढ्या आयांनी लाड केले असतील?

कोरडाठाक · ९ जून, रात्री १२.३०

मावशी, मी तुमचा मुलगा आहे. म्हणजे तसाच होतो. आता नऊ वर्षं झाली. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना धरून राहायचा गट) मीटिंगला जातो, अजूनही आठवड्यातून दोनदा.

माझी आई माझ्या साहेबांना फोन करायची, "ताप आहे हो त्याला." वर्षात मला इतक्या वेळा ताप आला की साहेबांनी एकदा मलेरिया तपासायला सांगितलं. भिशीचे पैसे उचलून माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल भरायची. रात्री कितीही वाजता आलो तरी ताट झाकून जागी असायची. मग आमचं भांडण व्हायचं, आणि भांडण झालं की मला दुसऱ्या दिवशी प्यायला कारण मिळायचं. सोपा हिशेब होता.

एक दिवस मी एक वाजता आलो तर कडी नुसती लोटलेली आणि आई झोपलेली. खरंच झोपलेली, घोरत होती. ती त्या संध्याकाळी कुणाच्या तरी नादाने अल-अनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट) मीटिंगला जाऊन आली होती हे मला खूप नंतर कळलं. मी उगाच भांडी वाजवली. उठली नाही. मला त्या रात्री भांडायलाच कोणी मिळेना. बाहेरच्या खोलीत ओकलो. नेहमी सकाळी उठेपर्यंत फरशी स्वच्छ असायची, फिनेलचा वास असायचा. त्या दिवशी तसंच होतं. माश्या बसलेल्या. आई पलीकडे चहा पीत होती आणि म्हणाली, "बादली न्हाणीत आहे."

लगेच सुधारलो नाही. त्यानंतर आणखी चौदा महिने प्यायलो, दोनदा ॲडमिट झालो. पण ओकारी मी स्वतः पहिल्यांदा त्या दिवशी पुसली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ती दिसली.

भाकरवडी · ९ जून, सकाळी ७.३०

"बादली न्हाणीत आहे" वाचून दहा मिनिटं बसून राहिले.

रोखठोक · ९ जून, सकाळी ११.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ३४ वर्षांचा घोडा आहे. कपडे बाहेर ठेवा, कुलूप बदला. रस्त्यावर आला की आपोआप उतरते. तुम्ही लोकच पोसता यांना.

खाडीपलीकडे · ९ जून, दुपारी २.४०

रोखठोक, मी तसंच केलं होतं. कपडे बाहेर, कुलूप नवीन. पोर चार महिने एसटी स्टँडवर होता. त्याची आई मला चोरून डबा पोचवायची, मला ठाऊक होतं, मी ठाऊक नसल्यासारखं करायचो. नंतर रक्ताच्या उलट्या झाल्या. यकृतातून वळलेलं रक्त अन्ननलिकेच्या शिरा फुगवतं आणि त्या फुटतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तोवर समजून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. ३८ वर्षांचा होता.

घरात ठेवला असता तर वाचला असता की नाही, माहीत नाही. तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही. फक्त 'आपोआप उतरते' असं लिहू नका.

रोखठोक · ९ जून, दुपारी ३.१५

काका, चुकलं माझं. मोठ्या भावाचा राग इथे काढला. आमच्या घरीही आहे हे.

तिसरा_मजला · ९ जून, सायंकाळी ६.२०

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा एवढं सांगायला आले. आम्ही एका केंद्राला फोन केला, रात्री चार दांडगट पोरं जीप घेऊन आली, मुलाला चड्डी-बनियनवर उचलून नेलं. आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तीन महिने भेटू दिलं नाही, "भेटलात की बिघडेल" म्हणाले. परत आला तेव्हा घोट्याला साखळीचा वळ होता. गेटपासून वाईन शॉपपर्यंत किती पावलं हे त्याने आत बसून मोजून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी प्यायला. आणि आता 'केंद्र' शब्द काढला तरी खिडकीतून उडी मारीन म्हणतो.

विचारायचे प्रश्न: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना कधी भेटू देतात, बाहेर पडल्यावर पुढे काय. उत्तर देताना समोरचा चिडला तर फोन ठेवा.

वकीलबाई · ९ जून, रात्री ८.५०

वरच्या ताईंनी लिहिलंय ते बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि नशेमुळे होणारे आजार मानसिक आजारांत धरले आहेत, आणि साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. सज्ञान माणसाला आईबापांच्या सहीवर उचलून नेता येत नाही. तो खरोखर निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तर त्याची सोय कायद्यात आहे. दोन तज्ज्ञांनी तपासून, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस.

आता तुमच्या बाजूचं. घर कुणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल तर राहू दे. 'जबाबदारी आली की सुधारेल' म्हणून मुलाच्या नावे बक्षीसपत्र करणारे आईबाप मी दर महिन्याला बघते, आणि नंतर तेच प्रांत ऑफिसच्या बाकावर बसलेले असतात. मारहाण, पैशासाठी छळ असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. (माझं नुकसान मीच करून घेतेय!) ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे. अर्ज केला म्हणजे मुलगा तोडला असं नाही. मारायला उठलेल्या मुलाच्या हाताला हात लावायला आई पुरत नाही, म्हणून तिसरा लागतो.

वैनगंगा · १० जून, सकाळी ९.४०

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बायांनी मोर्चे काढून मिळवली, आणि मला तिचा अभिमान आहे. गावात उघड्यावर दुकान नसणं ही लहान गोष्ट नव्हे, नवी पोरं उशिरा लागतात. पण जो आधीच लागला आहे त्याला नदीपलीकडून आणून देणारे सापडतातच. माझा भाचा असाच. म्हणून कायदा पायजे, अन् घरात उपचारबी पायजे. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

एडिसनची · १० जून, सकाळी १०.५५

इथे सगळे मुलगा, मुलगा म्हणताय. माझी मुलगी पिते. २९ वर्षांची. इकडे न्यू जर्सीत वाढली, हुशार, भरतनाट्यम शिकलेली. मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात "काय करते हल्ली?" आणि मी म्हणते, "कामात असते हो फार." मुलाची दारू लोक निदान कुजबुजीत तरी समजून घेतात. मुलीची असली की आधी चारित्र्य निघतं.

अल-अनॉनला चार वर्षं जातेय. १९५१ साली एएच्या एका संस्थापकाच्या बायकोने, लॉइसने, एका मैत्रिणीबरोबर सुरू केलं ते. ते लोक मीटिंगला आत असायचे आणि बायका बाहेर गाडीत नाहीतर स्वयंपाकघरात, तिथून सुरुवात झाली. आईबापांनाही चालतं. पहिल्यांदा गेले तेव्हा वही-पेन नेलं होतं, म्हटलं पोरगी सुधारायचे उपाय लिहून घेऊ. तासभर जो तो आपलंच सांगत होता. कुणी उपाय सांगेना. संपल्यावर कॉफीपाशी एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "तू शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" मला आठवेना. मी तिथेच रडले, परक्या बाईच्या गळ्यात पडून, वही अजून कोरीच आहे.

त्यांचं सूत्र असं: हे मी घडवलं नाही, मला ते आवरता येणार नाही, मला ते बरं करता येणार नाही. मराठी मनाला हे फार कोरडं वाटतं, मलाही वाटलं. आपल्याला आईने उपास करून मुलाला बरं करायची सवय.

कोरडाठाक · १० जून, रात्री ११.४०

मुलींसाठी पुण्यात मुक्तांगणमध्ये वेगळा विभाग आहे, निशिगंध. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं. तिथे दाखल झालेल्याला पेशंट नाही, रुग्णमित्र म्हणतात. हा शब्द ऐकला तेव्हा मी हसलो होतो. पण 'बेवड्या' ऐकायची सवय झालेल्या माणसाला आपण कुणाचे तरी मित्र आहोत हे पचायला दोन दिवस लागतात. तिथे घरच्यांनाही बोलावतात, समजावतात. माझी आई माझ्यापेक्षा जास्त शिकून आली.

कृष्णाकाठची · २ जुलै, रात्री १०.१०

सगळ्यांचं रोज वाचतेय. उत्तर द्यायला धीर होत नव्हता.

काय झालं ते सांगते. ह्यांना हिशेब लिहायची सवय, बँकेतली. लाल बांधणीची वही, रोज रात्री चष्मा लावून लिहितात. मागच्या आठवड्यात वीजबिलाची तारीख बघायला मी ती उघडली. दूध ६४, भाजी ८०, किरकोळ २००. दुसऱ्या दिवशी दूध ६४, केळी ४०, किरकोळ २००. पान उलटलं, तिथेही किरकोळ २००. मागे गेले. नोव्हेंबरपासून एकही दिवस चुकलेला नाही.

हे त्याला रोज २०० देत होते. "पेट्रोलला." आणि मी त्याला पिठाच्या डब्यातून १५० देत होते, ह्यांना कळू न देता. वर ह्यांना सांगत होते, तुमच्या कडकपणामुळे तो असा झाला. ते मला सांगत होते, तुझ्या लाडामुळे. आठ महिने आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून त्याची दारू भरत होतो, आणि तो दोन्ही खिडक्यांवरून रक्कम उचलत होता.

मी वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली आणि पिठाचा डबा शेजारी. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "आठवड्याचे दोन हजार चारशे पन्नास." बँकेतला माणूस, रडायच्या आधी बेरीज केली.

त्या रात्री त्याला दोघांनी मिळून सांगितलं. आरडाओरडा नाही. जेवण मिळेल, अंथरूण मिळेल, दवाखान्यात न्यायला आम्ही अर्ध्या रात्री तयार. पैसे नाही, आणि कुणालाही तुझ्या वतीने खोटं सांगणार नाही. तो हसला. तिसऱ्या दिवशी घरातला रिकामा सिलिंडर गेला. पाचव्या दिवशी माझ्या आईची शिलाई मशीन गेली. मी आईच्या मशीनसाठी रडले, पैसे दिले नाहीत.

मानसमित्र · २ जुलै, रात्री १०.५०

ताई, आता काही दिवस आणखी जोरात होईल. आजवर बटण दाबलं की पैसे यायचे. आता येत नाहीत म्हटल्यावर माणूस बटण अधिक जोरात दाबतो. दोघांपैकी एक जण जरी विरघळला तरी 'इतका गोंधळ घातला की मिळतात' हे तो शिकेल. दोघांची एक भाषा, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. आणि तो शुद्धीत असताना, सकाळी, कधी दोन शब्द नीट बोलला तर त्याच्याशेजारी बसा. प्यायलेला असताना बोलणं, समजावणं, शपथा सगळं वाया. त्या वेळी आत जा.

खाडीपलीकडे · ३ जुलै, सकाळी ६.१५

सिलिंडरची पावती जपून ठेवा. आमच्याकडे दोन गेले होते.

कृष्णाकाठची · २१ ऑगस्ट, दुपारी ४.३०

११ जुलैला फिट आली, न्हाणीघरात. पैसे संपले म्हणून दीड दिवस प्यायला नव्हता. डॉक्टरांनी वर लिहिलं होतं म्हणून मला कळलं हे काय आहे, नाहीतर शेजारच्या वहिनी कांदा हुंगवायला घेऊन धावल्या होत्या. मी त्याला कुशीवर वळवलं, ह्यांनी १०८ ला फोन केला. सिव्हिलला सहा दिवस. तिसऱ्या रात्री मला "बाई" म्हणून हाक मारत होता, वर्गातल्या पोरांसारखी. पलंगाखाली मांजरं आहेत म्हणत होता.

शुद्धीवर आल्यावर स्वतःच म्हणाला, पाठव कुठे पाठवायचं ते. पुण्याच्या केंद्रात ३५ दिवस. आज घरी आणला. वजन वाढलंय. कप एका हाताने धरतो.

शेजारी विचारलं तर काय सांगायचं यावर आमचं गाडीत भांडण झालं. हे म्हणाले कावीळ सांग. मागच्या सीटवरून तोच म्हणाला, "दारू सोडायला गेलो होतो म्हणून सांगा, बाबा."

भाकरवडी · २१ ऑगस्ट, दुपारी ४.४०

मावशी!!! पेढे!

कोरडाठाक · २१ ऑगस्ट, रात्री ९.००

पेढे जरा थांबवा. (विरजण घालत नाहीये, अनुभवाने सांगतोय.) पहिले तीन महिने घसरायची शक्यता फार. घसरला तर त्याला 'सगळं पाण्यात गेलं' समजू नका. आमच्यात स्लिप म्हणतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या त्याच्या हातात, तुमच्या नाही. आणि वास घ्यायला जवळ जाऊ नका. आई जवळ येऊन हळूच श्वास आत ओढते ते आम्हाला कळतं. न प्यायलेल्या दिवशी तर फारच कळतं.

कृष्णाकाठची · ३ ऑक्टोबर, रात्री ११.२५

घसरला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. नातीला भेटायला गेला होता, सुनेनं दारातूनच भेटवलं, येताना प्यायला. मोटारसायकल चढाला लागली आणि मला गिअरवरून कळलं.

मी उठून बसले होते. मग परत आडवी झाले. झोप आली म्हणत नाही, पण पडून राहिले. ह्यांनीही कूस बदलली, म्हणजे तेही जागे होते.

सकाळी त्याने चहा स्वतः केला. म्हणाला, "काल प्यायलो." मी म्हटलं, "कळलं." मग त्यानेच कुणाला तरी फोन केला, त्याच्या मीटिंगमधल्या, आणि अकराच्या एसटीने गेला. मी सुनेला काही कळवलं नाही आणि लपवलंही नाही. तिनं विचारलं तर सांगेन.

एडिसनची · ४ ऑक्टोबर, पहाटे ४.५०

आणि तुम्ही? जेवलात?

कृष्णाकाठची · २२ ऑक्टोबर, रात्री ९.३५

जेवले. तुमचा प्रश्न वाचून हसले आणि मग खरंच ताट वाढून घेतलं.

आम्ही दोघं आता दर बुधवारी घरच्यांच्या मीटिंगला जातो. तासाभराचा प्रवास. हे पहिल्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते, "मला नाही जमायचं बायकांत रडायला." दुसऱ्या बुधवारी आत आले. तिसऱ्या बुधवारी बोलले, मामांबद्दल. मी त्यांच्या तोंडून मामांचं नाव लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

काल मी मुद्दाम वही बघितली. 'किरकोळ' तशीच आहे, पण त्यात आता शेंगदाणे आणि पेपरवाला. खाली नवीन ओळ: 'मीटिंग, एसटी, दोघे'. दोघांनाही अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे ते फार खूश आहेत, जाऊन-येऊन एकाच्या पैशात होतं म्हणतात.

त्याचं कसं चाललंय असं तुमच्या मनात असेल. त्याच्या सांगण्याप्रमाणे आज एकविसावा दिवस. मी वास घेतलेला नाही.